पठारावर वाजलेला हात

माझ्या वडिलांची तिरडी उचलली तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात मोबाईल चालू होता. रेकॉर्डिंग सुरू होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं, म्हणून आधी तेच लिहितो.

पोलादपूरहून कुडपणकडे चढताना पठाराच्या खाली आमची वाडी आहे. वाडीत माणूस गेलं की आबा ढोल वाजवतात. ते माझे सख्खे आजोबा नव्हेत, पण सगळी वाडी त्यांना आबाच म्हणते. लग्नातला आणि शिमग्यातला ढोल वेगळा, हा वेगळा. दोन जड ठोके, मग इतका वेळ शांतता की थांबलाच असं वाटावं, आणि मग एक हलका. तो ऐकला की कोणी काही विचारत नाही. प्रत्येक घरातून एक जण सरणासाठी लाकूड खांद्यावर घेऊन निघतो. ते लाकूड परत घरी न्यायचं नसतं. आवाज लांबून आला असेल तर ऐकणाऱ्या वाडीतल्या ढोलानं तीच चाल पुढे पाठवायची. आणि माणूस गेल्याशिवाय ती वाजवायची नाही. शिकवायची झाली तरी मांडीवर बोटांनी.

आबांची डावी करंगळी वाकडी आहे. हलक्या ठोक्यानंतर तिचं नख चामड्यावर घासतं आणि बारीक खर्र असा आवाज येतो. दुसऱ्या कोणाच्या ढोलात तो येत नाही.

मी मुंबईतली नोकरी लवकर सोडली. लग्न केलं नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर, राजस्थानच्या वाळूत, जिथे म्हणून चार दिवस गाणंबजावणं असेल तिथे तंबू घेऊन जायचं, सावकाश परत यायचं आणि महाबळेश्वर फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसायचं, असं माझं चाललं होतं. अशाच एका ठिकाणी एका साउंडवाल्या पोराशी ओळख झाली. गणपतीनंतर आमच्याच पठारावर त्यांचा तंबूंचा कार्यक्रम ठरला तेव्हा त्यानं विचारलं, "काका, तुमच्या मातीतलं काही आहे का? एकदम ओरिजिनल?"

मी त्याला ते रेकॉर्डिंग दिलं. शेवटी त्यात एक रडणं होतं, तेवढं कापून दिलं. कसलं आहे ते सांगितलं नाही. जुनी चाल आहे, एवढंच म्हणालो.

दुपार असूनही पठारावर धुकं इतकं होतं की स्टेजवरून पुढच्या दोन रांगांतली माणसं दिसत, मागची नुसती हलत. साउंडवाल्या पोरानं बाकी सगळं बंद करून आधी आबांचा ढोल सोडला. दोन जड. शांतता. एक हलका. खर्र. पोरंपोरी डोळे मिटून डोलू लागली. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

मग त्यानं आवाज बंद केला, पण ढोल थांबला नाही.

खालून, धुक्यातून, तीच चाल येत होती. दोन जड, शांतता, एक हलका. खर्र नव्हतं, म्हणजे वाजवणारा हात आबांचा नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं मशीनकडे बघून माझ्या कानाशी म्हणालं, "काका, हे माझ्याकडून नाही येत." तेवढ्यात आणखी लांबून, दरीच्या पलीकडून, तिसरा ढोल लागला. आमच्या वाडीनं निरोप पुढे पाठवला होता. तो आता डोंगरांमधून पळत होता आणि मरण मात्र कोणाचंच नव्हतं.

थोड्या वेळानं धुक्यातून माणसं वर आली. एकामागून एक, न बोलता, प्रत्येकाच्या खांद्यावर एक लाकूड. मी ओळखलं सगळ्यांना. मी तंबूच्या मागे सरकलो.

"कोन गेलं?" पुढच्यानं विचारलं.

"कोणी नाही काका, म्युझिक आहे," एक मुलगी हसून म्हणाली. कोणीतरी फोटो काढला.

"म्युझिक," तो मागच्यांना म्हणाला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, लाकडं तिथेच खाली ठेवली आणि आले तसे गेले. संध्याकाळी त्या लाकडांची शेकोटी झाली. मीही हात शेकले.

दोन-तीन दिवसांनी फाट्यावरच्या हॉटेलात आमच्या वाडीतले दोघं माझ्या शेजारच्याच बाकावर बसले होते.

"आबा काय म्हनतो, ठाव हाय का? पठारावर माझाच हात वाजत होता म्हनं."

"आनि खाली बसून आयकत पन तोच होता. दोन दोन आबा झाले रे आता!"

"हसू नको. जेवत नाय धड. माझा ढोल मलाच बोलवायला आला, म्हनतो. नवं धोतर काढून ठेवलंय दाराशी."

"डोकं गेलं म्हाताऱ्याचं. पोरांनी स्पीकरवर कायतरी लावलं, झालं."

मग एकानं मला विचारलं, "काय रे, तू फिरतोस ना अशा जत्रांना? असं व्हतं का कुठं?"

"नाही बा," मी म्हणालो आणि चहा संपवला.

त्यानंतर मी शिवथरच्या घळीत जाऊन बसायचो. तिथे पाणी इतकं कोसळतं की दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून मला ती जागा आवडायची. आता त्या पाण्यातही दोन जड आणि एक हलका वेगळे काढता यायचे. मी राजस्थानला पळालो. तिथे रात्रभर वाजणाऱ्या संगीतात मधे शांतता आली की मी पुढच्या ठोक्याची वाट बघत राही, आणि दर वेळी खर्र ऐकू येई. माझ्या आजूबाजूच्या कोणालाही ते ऐकू येत नव्हतं. आबांचंही असंच होत असणार, हे तिथे डोक्यात आलं. फरक एवढाच की त्यांनी ते खरंच ऐकलं होतं, आणि ते खरं आहे हे सांगू शकणारा माणूस वाळूत तंबू ठोकून बसला होता. कार्यक्रम अर्धा टाकून मी परत आलो.

आबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. फार वाळले होते. दाराशी धोतराची घडी तशीच होती. ढोल आढ्याला उलटा टांगलेला.

"ये रे," ते म्हणाले. "लाकूड आनलंस का?"

मी मोबाईल काढला तसा त्यांनी हात वर केला. "हितं नको वाजवू. घरात मानसं हायत." म्हणजे त्यांना अंदाज आला होता की काय, अजून कळत नाही. मी इयरफोन त्यांच्या कानात घातला आणि न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांची वाकडी करंगळी मांडीवर हलताना दिसत होती. दोन ठोके, थांबली, पुन्हा हलली.

ऐकता ऐकता ते म्हणाले, "हा तुझ्या बापाचा ढोल. त्या दिशी हात कापत व्हता माझा." मग शेवटाकडे भुवया जवळ आल्या. "आनि हे रडतंय कोन?"

"मीच, आबा."

त्यांनी इयरफोन काढून माझ्या हातात दिला. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि जे फाट्यावर बोलायला हवं होतं ते बोललो. "आबा, पठारावर तुमचाच हात होता. तुम्ही बरोबर ऐकलंत. तुम्हाला कोणी बोलवायला आलं नव्हतं. बापाला खांदा देताना मी तुमचा ढोल चोरला आणि नाचायला दिला. लाकडं घेऊन माणसं आली तेव्हा लपलो, तुम्हाला वेडं म्हणत होते तेव्हा गप्प बसलो. हे मी आज वाडीत घरोघरी जाऊन सांगणार आहे. पण आधी तुम्हाला सांगतो. चुकलो, आबा. मला माफ करा."