खरखर घालून द्या
परवा नातीचं गाणारं खेळणं दुरुस्त करताना तारा जोडायच्या सोल्डरची राळ जळाली आणि त्या वासानं मला पन्नास वर्षांपूर्वीच्या सांगलीत, एका रेडिओ दुरुस्तीच्या टपरीसमोर नेऊन उभं केलं. तेव्हा मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. रेडिओवरच्या नव्या गाण्यांत गिटार करवतीसारखी फाटक्या आवाजात गरजायची आणि माझी चमच्यासारखी किणकिणायची. या गणपतीत तसा आवाज निघाला नाही तर तुझ्या जागी अकॉर्डियनवाला आणतो, असं मालकांनी बजावलं होतं. तसा आवाज काढणारं, पायानं दाबायचं विलायती पेडल परवडणारं नव्हतं, म्हणून टपरीवाल्यांना म्हणालो, "मामा, माझ्या गिटारीत जरा खरखर घालून द्या." ते भडकलेच. "वीस वरसं लोकांची खरखर काढतोय, आन तू घालाय सांगतोस व्हय रं?" तरी आठवड्यानं त्यांनी मोडक्या ट्रान्झिस्टरचे सुटे भाग चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवले आणि वर पायानं दाबायचं बटण लावून दिलं. गणपतीपुढं पहिल्याच गाण्यात मी ते दाबलं आणि आवाज असा फाटला, की कर्णा बिघडला असं समजून लाउडस्पीकरवाला मशीन बंद करायला धावला. तेवढ्यात गर्दीतून मामा ओरडले, "हात लावू नगंस! ती खरखर म्या घातलीया!" गाणं संपेस्तोवर सगळा चौक नाचत होता आणि अकॉर्डियनवाला काही आला नाही. नातीचं खेळणं आता पुन्हा गातंय, पण जरा खरखरतं. काढता येईल, पण मी ती राहू दिलीय.