आमचे दातांचे डॉक्टर आणि कंधारचा किल्ला

आमच्या दातांच्या डॉक्टरांनी मला जेवढे धक्के दिले तेवढे आयुष्यात दुसऱ्या कोणीही दिलेले नाहीत. आणि हे मी दहावीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात हयात घालवलेला माणूस म्हणून सांगतो. धक्का देणारी माणसं साधारणपणे आधी चेहऱ्यावरून तरी सूचना देतात. घसा खाकरतात, इकडेतिकडे बघतात, आवाज खाली आणतात. डॉक्टरांचं तसं नाही. गोल, शांत, नुकताच दहीभात जेवून उठल्यासारखा तृप्त चेहरा, त्यावर जाड चष्मा आणि चष्म्याच्या वर कपाळाला बांधलेलं भिंग. अशा चेहऱ्यानं ते जे काही सांगतात, त्यानं समोरच्याचं तोंड आपोआप उघडं पडतं. त्यांच्या व्यवसायाला ते सोयीचंच पडत असावं.

आमची ओळखही उघड्या तोंडानंच झाली. नांदेडला बदलून आलो आणि अक्कलदाढेनं डोकं वर काढलं, म्हणून त्यांच्या खुर्चीत जाऊन पडलो. तोंडात कापूस कोंबलेला, जबडा बधिर. मी शाळेत काय शिकवतो ते त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. भूगोल म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. समोच्च रेषांचे नकाशे वाचता येतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आँ." रविवारी सकाळी मोकळे असता का, असं विचारलं. नेमकं तेव्हाच त्यांनी दाढेला हिसका दिला होता, त्यामुळे मी जरा मोठ्यानं "आँ" म्हणालो. एवढ्यावर मी नांदेडच्या स्केल मॉडेलिंग क्लबाचा सभासद झालो. दाढ घरी न्यायची आहे का, असंही त्यांनी उठताना विचारलं. ही दाढ मला पुन्हा कधी दिसू नये एवढीच माझी इच्छा होती. मी मान हलवून नको म्हटलं आणि रिक्षा पकडली.

रविवारी दवाखान्याच्या माडीवर गेलो तर तिथं नातवंडं असलेली माणसं लहान मुलांसारखी मांडी घालून बसलेली. कोणी चिमट्यानं तांदळाच्या दाण्याएवढं चाक बसवतोय, कोणी काडीवर कापूस गुंडाळून विमानाला रंग लावतोय. विमानवाले म्हणजे जिनिंगचे शेठ. उमरीला त्यांची कापसाची जिनिंग, राहायला नांदेडात. शेठ जन्मात कधी विमानात बसले नव्हते आणि बसायचा त्यांचा विचारही नव्हता, पण त्यांच्या कपाटात लढाऊ विमानांची अख्खी तुकडी उभी होती. डॉक्टर मात्र विमानं, रणगाडे यांच्या वाटेला फारसे जात नसत. ते बांधकामवाले. जे काही दिसेल ते शंभरास एक या मापात लहान करून बघायचं, ही त्यांची खोड. शेठच्या मुलीच्या लग्नात सगळी मंडळी नवरदेवाचं कौतुक करत होती. डॉक्टर जरा मागं सरकले, एक डोळा मिटून त्याच्याकडे बघितलं आणि शेठला प्रेमानं म्हणाले, "शेठ, जावई शेंगदाण्याएवढा हाय बरं का." त्यांच्या मापात ते बरोबर होतं. पण हे शेठना आणि विशेषतः व्याह्यांना पटवून देण्यात आमच्या पंगती उठून गेल्या.

दवाखाना आणि क्लब यांच्यामध्ये त्यांनी भिंत अशी कधी घातलीच नाही. माझी बायको दाढदुखी घेऊन गेली, तर त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि मुळाशी बारीक तडा गेलाय, पण पंख शाबूत आहेत, असं समजावून सांगितलं. तो शेठच्या विमानाचा एक्स-रे होता. बायको तशीच घरी आली आणि लवंगेवर भागवलं. सुट्टीच्या दिवशी ते कंधारला जायचे, किल्ल्याची मापं घ्यायला. सोबत तोंड तपासायचा तो छोटा गोल आरसा. दगडांच्या फटीत आरसा घालून बघायचे, दांड्यानं दगडावर टकटक करायचे आणि सवयीनं विचारायचे, "दुखतं का?" तिथल्या पहारेकऱ्यानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चार पावलं मागं सरला होता. पुढं तोही रुळला. डॉक्टर आले की म्हणायचा, "डॉक्टरसाब, पल्याडच्या बुरुजाचा एक दगड हलून राहिलाय, बघून घ्या."

हे सगळं चाललं होतं लातूरसाठी. लातूरलाही असाच क्लब आहे. त्याचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर; त्यांना सगळे साहेबच म्हणतात. वर्षाआड एकदा नांदेडात, एकदा लातुरात, अशी आमची स्पर्धा होते. दोन्हीकडच्यांचं प्रेमही भारी आणि खोचकपणाही भारी. त्या साली विषय ठरला किल्ला. साहेब औशाचा किल्ला करणार आणि डॉक्टर कंधारचा. लगेच डॉक्टरांनी गोदावरीच्या पाण्याची बाटली लातूरला पाठवली, वर चिठ्ठी लावली : 'तुमच्या खंदकासाठी. जपून वापरा.' साहेबांनी उलट टपाली तुरीचे दाणे पाठवले आणि हे तोफगोळे सोसतील असा तट बांधा, असं कळवलं.

तटाचं काम मात्र डॉक्टरांनी आम्हाला बघू दिलं नाही. जमीन, खंदक, उतार हे सगळं मी नकाशावरून आखून दिलं. तट त्यांनी घरी, दार लावून बांधला. दगडासाठी खास सामान आहे, वर्षानुवर्षं साठवलंय, एवढंच सांगायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्या बायकोजवळ तक्रार केली होती की यांनी स्वतःसाठी वेगळा कुकर आणलाय आणि त्यात काय शिजवतात ते मला विचारू नका. आम्हाला वाटलं, प्लास्टरचा काही प्रयोग असेल.

लातूरला मंगल कार्यालयात मॉडेलवरची चादर काढली तेव्हा आम्ही नांदेडकरच आधी पुढं वाकलो. साहेबांचा औसा अप्रतिम होता, प्रत्येक दगड टोकदार सुईनं कोरलेला. पण कंधार जिवंत होता. दर्शनी बुरुजांचा एक दगड दुसऱ्यासारखा नव्हता. कुठं पिवळसर, कुठं करडा, कुठं काळा डाग, कुठं कोपरा झिजलेला. आणि सगळ्यांवर जुन्या दगडाला असते तशी मंद झळाळी. तटाच्या माथ्यावर ज्या चर्या असतात, ज्यांच्या आडून शिपाई बघतात त्या पाकळ्या, त्या तर इतक्या नितळ आणि रेखीव होत्या की परीक्षक बाई तिथून हलेनात. त्या वास्तुशास्त्र शिकवायच्या. असा पोत मी कुठल्याच साहित्यात पाहिला नाही, असं त्या म्हणाल्या. शेठनी माझा हात दाबला. चषक नांदेडला चालला होता.

तेवढ्यात साहेब पुढं आले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, वाकले आणि एकाच दगडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग सरळ होऊन त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "डॉक्टर, हा दगड कुठला हो?"

"तो?" डॉक्टरांनी आरशाच्या दांड्यानं दगड दाखवला. "तो आपल्या शेठचा. खालचा डावा."

शेठचा हात हळूहळू वर गेला आणि डाव्या गालावर थांबला. परीक्षक बाईंनी चर्यांवरून बोट उचललं आणि ते पदरात गुंडाळून घेतलं. एका आईनं पोराला कडेवर घेतलं. शेठ जवळच्या खुर्चीत बसले. म्हणजे खुर्ची नसती तरी ते बसलेच असते. मला बोलायचं होतं, पण माझी जीभ जिथं दाढ नव्हती त्या खड्ड्यात जाऊन बसली होती.

एवढं काय झालं, हे डॉक्टरांना खरोखरच कळेना. सगळे दात उकळलेत, औषधात ठेवलेत, घासून पुसून घेतलेत, असं ते एकेकाला समजावू लागले. "तुमच्या तोंडात होते त्यापेक्षा इथं स्वच्छ हायत," असं ते लातूरच्या एका सभासदाला म्हणाले आणि तो सभासद पाणी प्यायला निघून गेला. न विचारता घेतले, असं शेठ कसंबसं म्हणाले. त्यावर डॉक्टरांना मनापासून वाईट वाटलं. "विचारलं होतं की, शेठ. घरी न्यायची का म्हणून एकेकाला विचारलंय. सगळे नको म्हणाले."

मी हिंमत करून माझी कुठं आहे ते विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला हाताला धरून दरवाजाच्या उजव्या बुरुजापाशी नेलं. सगळ्यात खालचा थर. मुळं लई मजबूत होती, सर, म्हणून पायात घातली, असं ते म्हणाले. मी वाकून बघितलं आणि, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, मला बारीकसा अभिमान वाटला.

मॉडेल स्पर्धेतून बाद झालं. काढलेले दात पिवळ्या पिशवीत घालून नियमानं नष्ट करायचे असतात, हे परीक्षक बाईंना माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. चषक साहेबांना मिळाला. तो हातात घेताना त्यांचा चेहरा हरलेल्या माणसाचा होता. निघताना त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं. आता खडसावणार, असं मला वाटलं, तर ती झळाळी टिकवायला शेवटी कुठलं द्रावण लावलं, ते विचारत होते.

नांदेडात बातमी आमच्या आधी पोहोचली. दवाखाना ओस पडला. लोक लांबून वळसा घालून जाऊ लागले, जसं काही डॉक्टर रस्त्यात गाठून दात मागणार होते. शेठनी क्लबात येणं सोडलं. ते परत आले ते उजव्या बाजूची दाढ ठणकायला लागली तेव्हा. राग कितीही खरा असला तरी दाढेपुढं त्याचं काही चालत नाही. या वेळी दाढ पिवळ्या पिशवीत पडेपर्यंत ते मान वळवून बघत होते. हळूहळू बाकीचेही आले. पण डॉक्टर बोलेनासे झाले होते. एक दिवस त्यांनी मला माडीवर बोलावून सांगितलं की सगळे दात काढून टाकतो, प्लास्टरचे दगड बसवतो, संपवून टाकू. माझ्यासमोर ते पकड घेऊन बसले. पहिल्या बुरुजाला पकड लावली आणि खालून कंपाउंडरनं आवाज दिला.

उमरीहून रेल्वेनं एक म्हातारी बाई आल्या होत्या. जिना चढून दमल्या होत्या, तरी बसल्या नाहीत. "डाक्टरसायब, दात दाखवायला न्हाई आले," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकाची दाढ तुमच्या किल्ल्यात हाय का, इचारायला आले."

त्यांचा पुतण्या शेठच्या जिनिंगला होता, त्याच्याकडून त्यांना कळलं होतं. मालक म्हणजे त्यांचे यजमान, ते मागच्या संक्रांतीच्या सुमारास वारले होते. जन्मभर धक्के देत आलेल्या डॉक्टरांना मी पहिल्यांदाच धक्का बसलेला पाहिला. त्यांनी नाव विचारलं, गाल कुठला सुजला होता ते विचारलं. बाईंनी स्वतःच्या उजव्या गालावर हात ठेवला. डॉक्टर आरसा घेऊन तटाभोवती फिरले आणि दर्शनी बाजूच्या शेवटच्या बुरुजाशी थांबले.

"ही. वरची उजवी. मूळ वाकडं होतं, काढायला वेळ लागला."

"हाव. लई येळ लागला व्हता. मी भाईर बसले व्हते."

बाईंनी पदर सावरला, खाली वाकल्या आणि बोटाच्या टोकानं त्या दगडाला हात लावला. गरम आहे की थंड ते बघावं तसा. मग म्हणाल्या, त्यांचं असं काही माझ्याजवळ राहिलंच नाही बघा. फोटो आहे तोही लग्नातला, त्यात तोंड मिटलेलं. दाढ काढून देतो, घेऊन जा, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी थोडा विचार केला आणि नकाराची मान हलवली. "घरी नेऊन ठेवू कुठं? ऱ्हाऊ द्या. हितं चार जणांच्या सोबतीत हायत."

डॉक्टर त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले. वर आले ते पकड बाजूला ठेवूनच बसले. त्या दगडापाशी आरसा धरला.

"सर," ते म्हणाले, "दाढ पक्की ध्यानात हाय. वाकडं मूळ, आतल्या बाजूनं कीड, सगळं. पण माणसाचा चेहरा काही केल्या आठवंना."

मी चादर उचलली आणि किल्ल्यावर घातली.

तो किल्ला पुन्हा कुठल्याही स्पर्धेला गेला नाही. माडीवर चादर पांघरून तो तसाच आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी प्लास्टरचं काहीतरी केलं आणि लातूरकरांनी आम्हाला सरळसरळ हरवलं. तरी साहेब परीक्षकांशी आमच्या बाजूनं भांडत होते. डॉक्टर आताही खुर्चीत पेशंट बसला की भिंग कपाळावर ढकलतात, चष्मा काढून हातात घेतात आणि तोंड उघडायला सांगायच्या आधी त्याच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश बघत राहतात. नवीन पेशंट घाबरतात.