चार दिवस उभी राहिलेली बरणी

रघु माझा धाकटा भाऊ. आमच्या लालबागच्या चाळीत त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे तो फार हुशार होता, आणि दुसरी म्हणजे त्याने आलेली संधी लाथाडली. पहिली खरी आहे. दुसरी कोणी माझ्यासमोर बोललं तर मी त्याला तिथेच गप्प करते. काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि त्यात माझाही हात आहे.

आमचा बाप गिरणीत होता. कापसाची धूळ छातीत बसून खोकून खोकून गेला. आई त्याच वर्षी गेली. मी सतरा वर्षांची होते आणि रघु नऊ. मी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात चिकटले, दिवसभर बॉबिनींपुढे उभी. माझं लग्न जमलं नाही. का जमलं नाही ते विचारू नका, माझं डोकं फिरतं. तेव्हाच मी ठरवलं की या पोराला गिरणीचं फाटक बघू द्यायचं नाही. मग मी मेले तरी चालेल.

रघु रात्रशाळेतून मॅट्रिक झाला आणि परळला डॉक्टर तळपद्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागला. डॉक्टर राहायला गिरगावात, आपल्या मोटारीने यायचे. जुन्या खानदानी घरातले. बोलणं गोड, हात हलका, गरिबाला कधी परत पाठवला नाही. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर लोकांना वाटेल मी त्यांच्यावर दात धरून बोलतेय. रघूचं काम लाकडी पार्टिशनच्या मागे. पेशंटने घरून आणलेली बाटली धुवायची, औषध भरायचं आणि बाजूला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, म्हणजे एका डोसाला किती घ्यायचं ते अडाण्यालाही कळावं. त्याच्या पट्ट्या इतक्या नीट असायच्या की बायका त्या औषध संपल्यावरही उखडायच्या नाहीत.

त्या सुमारास नवा कायदा आला होता. यापुढे शिक्षणाचा कागद नसलेल्या माणसाला औषध बनवू देणार नाहीत, असं जो तो बोलत होता. रघु घाबरला. गिरगावात खोताच्या वाडीत डिमेलोसाहेब म्हणून एक म्हातारे केमिस्ट राहायचे, त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, फार्मसीच्या डिप्लोमाला अर्ज कर, फॉर्म मे महिन्यात निघतील. तुझे मार्क बेताचे आहेत, पण ज्याच्या हाताखाली काम केलंस त्या डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलंस तर वजन पडेल. वर आपलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं.

अरे देवा, ते पुस्तक! आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते माणसासारखं राहायला आलं. रघु कामावर जायच्या आधी वाचायचा, जेवताना वाचायचा. ग्रेन, ड्रॅम, औंस या औषधाच्या मापांचं कोष्टक त्याने कॅलेंडरच्या मागे लिहून भिंतीला लावलं होतं. मी पोळ्या लाटताना तो मला विचारायला लावायचा आणि चुकला की स्वतःवरच चिडायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण छाती फुगायची. तळपदे डॉक्टरही खूश होते. "रघु, फॉर्म आणलास की त्याच दिवशी सर्टिफिकेट लिहून देतो," म्हणाले होते. मी तर शेजारच्या रखमाला सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी आमचा रघु कोट घालून कॉलेजात जाणार.

पंचावन्न सालच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या सकाळी, तो पुस्तक मिटून नुसता बसून राहिला. पुढ्यातला फराळ तसाच. मी म्हटलं, काय रे, चकली कच्ची राहिली का?

"आक्का, आमचं ताकदीचं औषध चुकीचं आहे," तो म्हणाला.

ताकदीचं औषध म्हणजे तळपदे डॉक्टरांचं नाव ज्यावर चालायचं ते. गिरणीतल्या निम्म्या बायका ते घ्यायच्या, मीसुद्धा. अंगात जोर यावा म्हणून त्यात कुचल्याचं सत्त्व असायचं आणि झोप लागावी म्हणून ब्रोमाइड. रघूने मला समजावून सांगितलं. कुचला हे जहर आहे, पण थेंबाथेंबाने दिलं तर औषध. ब्रोमाइडबरोबर ते एका बाटलीत उभं राहिलं, की त्यातलं जहर हळूहळू बारीक खडे धरून तळाला बसतं. मग वरचे डोस नुसतं पाणी आणि तळाचा डोस मरण. पुस्तकात तसं छापलंच होतं. एक माणूस असा मेलाही होता, कुठेतरी विलायतेत.

"मग इतकी वर्षं कोणी मेलं का नाही?" मी विचारलं.

त्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. ते औषध एका मोठ्या काचेच्या बरणीत बनायचं, तिला तळाशी तोटी होती, तिच्यातूनच बाटल्या भरायच्या. रोज सकाळी रघु बरणी भरायचा आणि संध्याकाळच्या आत ती रिकामी व्हायची, एवढी गर्दी. पेशंटलाही दोनच दिवसांचं मिळायचं. औषध उभं राहायलाच सवड नव्हती. "पण आक्का, एक दिवस ते उभं राहील," रघु म्हणाला.

मी काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतं. "तू डॉक्टरला डॉक्टरी शिकवणार? गाढवा, सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत तोंडाला कुलूप लाव. मग हवं ते बोल." असं मी म्हटलं, आणि उरलेली माझी स्वतःची बाटली मोरीत ओतून आले.

रघूने तरी एकदा विचारून बघितलंच. मोठ्या अदबीने विचारलं, पुस्तक दाखवलं. डॉक्टर हसले. "वीस वर्षं देतोय रे. पुस्तकं लिहिणाऱ्यांना परळची गर्दी ठाऊक नसते." पण त्या दिवसापासून ते रघूशी जरा तुटक वागू लागले, आणि सर्टिफिकेटचं नाव काढलं की "बघू, बघू" म्हणू लागले. मी रघूला घरात असा काही फैलावर घेतला की विचारू नका. त्यानंतर तो पुन्हा बोलला नाही. फक्त एक करायचा. प्रत्येक बाटली भरायच्या आधी बरणी दोन्ही हातांनी उचलून गदागदा हलवायचा. दिवसाला शंभर वेळा. त्याचे खांदे धरून यायचे, मी तेल चोळून द्यायची. मला वाटलं, चला, निभावलं. मेपर्यंत हलव बाबा बरणी.

जानेवारीत मुंबई पेटली. आमच्या भागात पोरं रस्त्यावर, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून घसे फुटेस्तोवर ओरडत होती. त्या दिवशी सकाळी रघूने नेहमीसारखी बरणी काठोकाठ भरली. तासाभरात गोळीबाराची बातमी आली. धडाधड दुकानं बंद झाली, डॉक्टर मोटारीत बसून गिरगावला गेले, आणि रघु गल्लीबोळांतून जीव मुठीत धरून घरी आला. मग कर्फ्यू. खिडकीत कोणी उभं राहिलं तरी खालून दरडावणी यायची.

पहिले दोन दिवस रघु पुस्तकात डोकं घालून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने खायचं सोडलं. "आक्का, बरणी उभी आहे," एवढंच म्हणायचा. मी म्हणायची, अरे, दवाखान्याला कुलूप आहे, भुतं येणार आहेत का औषध प्यायला? त्यालाही ते पटायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

पाचव्या दिवशी सकाळी दोन तास कर्फ्यू उठला. रघु तडक चपला घालू लागला. म्हणाला, किल्ली माझ्याकडे आहे, धावत जातो, बरणी ओततो, धावत येतो. खाली नाक्यावर अजून दगडांचा खच होता. आदल्याच दिवशी शेजारच्या चाळीतला धडधाकट पोरगा पायात गोळी लागून पडला होता. मला एकच भाऊ. "घरात दाणा नाही, मी रेशन घेऊन येते, मग बघू," असं म्हणून मी बाहेर पडले आणि बाहेरून कडी घातली. तो आतून दार बडवत होता. मी जिना उतरले.

रांगेत मला पाऊण तास लागला. परत येताना जिन्यात रखमा भेटली. रखमा आमच्या भिंतीपलीकडची. माझ्याच खात्यात कामाला, बोलकी, हसरी, सगळ्या चाळीच्या बातम्या हिच्या पदराला बांधलेल्या. नवरा धोंडू गिरणीत विणकामाला, साच्यावर होता. तिच्या हातात भरलेली बाटली.

"डॉक्टर इले गो," ती म्हणाली. "कर्फ्यूचो पास काढून मोटार घेवन इले. त्यांच्याकडे दुसरी किल्ली. एकटेच होते बिचारे, आपल्या हातान औषध दिल्यानी. पयलोच नंबर माझो. पयलो डोस मी थय दवाखान्यातच घेतलंय." मग तोंड वाकडं करून म्हणाली, "पण आज लय कडू होता."

मी तांदळाची पिशवी तिथेच टाकली आणि तिला हाताला धरून वर ओढलं. मी कशी वर गेले, कडी कशी काढली, काही आठवत नाही. रघूने माझं तोंड बघितलं आणि त्याला कळलं. रखमाला उंबऱ्यावरच बसवून त्याने मीठ घालून कोमट पाणी पाजायला घेतलं. पण ती हसायलाच लागली, "माका काय झालाहा?" म्हणून. दुसऱ्या घोटाला तिची मान ताठ झाली. "रघु, जबडो धरलो रे," म्हणाली. मग तिचं अंग मागे वाकलं. नुसता दरवाजा वाजला तरी तिला झटका यायचा. ती शुद्धीवर होती, शेवटपर्यंत. ते डोळे मी कुणाला सांगू शकत नाही. धोंडू अजून रेशनच्या रांगेतच होता. रघु चाळीतल्या एका पोराबरोबर तिला खाटेवर घालून इस्पितळाकडे निघाला, पण ती नाक्यापर्यंतही टिकली नाही. तिथून तो तसाच परळला पळाला आणि डॉक्टरांसमोर बरणी गटारात ओतली. तिच्यामागून आलेले सगळे ताप-खोकल्याचे होते, दुसऱ्या कोणाला ते औषध गेलं नव्हतं, एवढंच नशीब.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर धनुर्वात लिहिलं. गिरणीतली बाई, कुठे खिळा लागला असेल, असं सगळ्यांनी मानलं. गोळीबाराच्या दिवसांत एका बाईच्या मरणाची चौकशी कोण करतो?

दोन दिवसांनी रघूला डॉक्टरांनी बोलावून घेतलं आणि न मागता सर्टिफिकेट दिलं. छापील कागदावर, सुंदर इंग्रजीत. "फॉर्म निघाले की लगेच भर," एवढंच बोलले. मी ते सर्टिफिकेट देवापुढे ठेवलं. हो, ठेवलं. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला वाटलं, जे झालं ते झालं, पोराचं तरी मार्गी लागलं.

रखमाचं दहावं झालं त्या संध्याकाळी रघु उठला. "मी धोंडूदादाला सांगणार आहे." मी त्याच्या पाया पडले, अक्षरशः. म्हटलं, ती परत येणार आहे का? तो तुला जिवंत ठेवेल का? आणि कॉलेज? तो चालायला लागला. मी त्याला अडवायला म्हणून मागोमाग गेले, आणि त्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा मी धोंडूच्या दारातच उभी होते.

धोंडू भिंतीला टेकून बसला होता. ओरडला नाही, अंगावर आला नाही. सगळं ऐकून घेतलं.

"तुका कधीपासून ठावक होता?"

"दिवाळीपासून."

"डॉक्टराक सांगलंस?"

"एकदा. त्यांनी ऐकलं नाही."

"आणि रखमाक?"

रघूला ते खरंच कधी सुचलं नव्हतं. त्याचं सगळं चित्त बरणीत होतं. धोंडू माझ्याकडे वळला. "एका भिंतीपलीकडे ऱ्हवत होती गो, सुभद्रा. ता औषध पिव नको, इतक्याच सांगूचा होता."

मला सुचलं होतं. दिवाळीनंतर नळावर आम्ही दोघी भांडी घासत होतो, ती औषधाचं कौतुक करत होती, आणि शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण रखमाच्या पोटात काही राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाइंडिंग खात्याला कळलं असतं, चार दिवसांत डॉक्टरांना कळलं असतं, आणि कोणी सांगितलं तेही. मी हिशेब केला आणि कढई घासत राहिले.

धोंडूला हे मी सांगू शकले नाही. रघूला सांगितलं, घरी आल्यावर लगेच. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग देवापुढचा कागद उचलला आणि माझ्या हातात दिला.

"हा तू मिळवलायस, आक्का. तुझ्याकडेच ठेव."

सोमवारी सकाळी सातला तो गिरणीच्या फाटकावर रोजंदारीच्या बदली कामगारांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.