बाप्पाला थंडी वाजत असेल

माझ्या सासूबाई नागपूरला असतात आणि हे मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणूनच हे लिहायला मी इतकी चालढकल केली. ज्या गोष्टीसाठी त्या दर फोनवर मला आशीर्वाद देतात, ती खरी नाही. ते आशीर्वाद घेऊन रोज देवासमोर उभं राहणं मला जड जाऊ लागलं होतं.

आम्ही इंग्लंडमध्ये, रीडिंगजवळच्या एका लहान गावात राहतो. मी आयटीतला माणूस, मुळात कमी बोलणारा. मुलगी इरा इथेच जन्मली, आता लीड्सला फिजिओथेरपिस्ट आहे. गावचा फुटबॉल क्लब व्यावसायिक लीगच्या अगदी खालच्या पायरीवर. तिथून घसरला तर थेट लीगबाहेर. इरा शाळेत असल्यापासून आम्हा दोघांची सीझन तिकिटं आहेत. घरी आमचं बोलणं "जेवलीस?" "हो" याच्यापुढे जात नाही. स्टँडमध्ये मात्र, चहाचा कागदी कप हातात धरून, ती मला सगळं सांगते. पेशंट, घरमालकीण, एकदा तर मोडलेलं प्रेमसुद्धा. दोघांनी समोर मैदानाकडे बघत बोलायचं असतं, म्हणून जमत असेल. त्या मॅचेससाठी ती लीड्सहून येते, आणि मी त्या शनिवारांवर जगतो.

गेल्या सीझनला क्लब हरतच गेला. जानेवारीत अशाच एका हरलेल्या मॅचनंतर ती सहज म्हणाली, "बाबा, आपण खाली गेलो ना, तर मी तिकीट नाही घेणार परत." तिच्यासाठी तो नुसता वैताग होता. माझ्यासाठी ते शनिवार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देव्हाऱ्यातला पितळी गणपती काचेच्या वाडग्यात, पाण्यात ठेवला. आमच्याकडे अडचणीत देव पाण्यात ठेवतात आणि काम झालं की बाहेर काढतात. मी ते फुटबॉलसाठी केलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. माझ्या बायकोने, मेधाने, वाडगा पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. "आईसाठी?" मी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे त्या वाडग्यातल्यालाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत निम्म्या नागपूरला कळलं होतं की जावयाने सासूसाठी देव पाण्यात ठेवलेत.

ऑपरेशन उत्तम झालं. सासूबाई काठीशिवाय चालू लागल्या. मेधा म्हणाली, "आता काढूया ना बाप्पाला?" मी म्हणालो, "थोडं थांबू." क्लब अजून तळाशीच होता. रोज पाणी बदलायचो. नळाच्या पाण्याने माझी बोटं बधिर व्हायची, म्हणून किटलीतलं थोडं मिसळायचो. मूर्तीकडे बघणं मात्र टाळायचो.

सीझनची शेवटची मॅच इंग्लंडच्या उत्तरेत होती. जिंकलो तरच टिकणार होतो. इरा लीड्सहून परस्पर येणार होती. मी सपोर्टर्सच्या बसने निघालो. शेजारी मॉरीन नावाची एक म्हातारी बसली, गळ्यात क्लबचा विटका स्कार्फ, मांडीवर थर्मास. मी हळूच अथर्वशीर्ष म्हणत होतो.

"काय पुटपुटताय?" तिने विचारलं. "आपल्या गोलकीपरसाठी असेल तर जरा मोठ्याने म्हणा. त्याला गरज आहे."

मी हसलो, आणि का कोण जाणे, जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं तिला सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं.

"जानेवारीपासून पाण्यात?" ती म्हणाली. "अहो, थंडी वाजत असेल त्याला. काढा की बाहेर."

इतकंच. पण माझ्या अंगावर काटा आला. एवढे महिने मी त्याच्याकडे मागत होतो, ओलीस धरल्यासारखं. तो कसा आहे, हे मनातही आलं नव्हतं. बस हायवेवरच्या थांब्यावर थांबली तेव्हा मी पार्किंगमधून मेधाला फोन केला आणि सगळं कबूल केलं.

ती कडाडली, "फुटबॉलसाठी? अहो, आईने भिशीतल्या बायकांना सांगितलंय!" आणि मग तिला जे हसू फुटलं, ते थांबेचना. तिने बाप्पाला पुसलं, कोरडं केलं, गुळाचा नैवेद्य दाखवला. माझे खांदे एकदम हलके झाले. क्लबचं काय व्हायचं ते होवो, असं मला त्या सीझनमध्ये पहिल्यांदाच वाटलं.

स्टेडियमच्या दारात इरा उभी होती. आईचा फोन तिला आधीच गेला होता.

"बाबा, तू खरंच बाप्पाला पाण्यात ठेवलंस? आणि मी येत राहावं म्हणून?"

मी मान हलवली. या वेळी नीट हलवली.

"यू सिली मॅन. मी काय फुटबॉलसाठी येते? मला वाटायचं तुला आवडतं. घरी तू बोलतच नाही ना."

"मला वाटायचं तुला आवडतं," मी म्हणालो.

आम्ही हरलो. लीगबाहेर गेलो. शिटी वाजली आणि आमचा सगळा स्टँड उभा राहून गाऊ लागला, जिंकल्यासारखा. इराने माझा हात धरला होता, आम्ही दोघंही बेसूर ओरडत होतो, रडतही होतो, आणि इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मॉरीनने थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला. "ऑगस्टमध्ये, नव्या सीझनला भेटू," ती म्हणाली, जणू काहीच घडलं नव्हतं. इराने परतीच्या आधीच, फोनवर, पुढच्या सीझनची दोन तिकिटं काढली.

मी जे घट्ट धरून बसलो होतो ते बाप्पाने जाऊ दिलं, आणि ज्यासाठी धरलं होतं ते माझ्याजवळच होतं, आधीपासून. हात सोडल्यावर दिसलं. आता बाप्पा देव्हाऱ्यात कोरडा बसलाय. त्याच्याखाली मेधाने क्लबच्या जुन्या स्कार्फची घडी घातली आहे. ऊब राहते, म्हणते.

सासूबाई, हे वाचून रागावू नका. तुमचा गुडघा डॉक्टरांनी आणि त्याने बरा केला. मी फक्त पाणी बदलत होतो.