मच्छिंद्र पुकळे आणि साडेतीन फुटांची ताटी

मच्छिंद्रभाऊ पुकळ्यांनी आमच्या शाळेच्या मैदानावर पहिली उडी मारली तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं, पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते आणि खिशात मापाचा टेप. हे मी ठामपणे सांगते, कारण ती उडी बघायला मी एकटीच होते, आणि तो टेप हवेतच खिशातून निसटून माझ्या पायाशी येऊन पडला.

मी अदीबा. दोह्यात, अल गराफातल्या एका भारतीय शाळेत पी.टी. शिकवते. माहेर खेडचं. कॉलेजात असताना हर्डल्स धावायचे, विद्यापीठाच्या स्पर्धेत एकदा तिसरी आले होते, आणि ते ब्रॉंझचं पदक हल्ली माझी मुलगी मरियम बाहुलीच्या गळ्यात घालते. मच्छिंद्रभाऊ आमच्याकडचे सुतार. खरं तर शाळेचे नव्हेत, मेंटेनन्स कंपनीचे. राहायला अल खोरच्या कामगार कॅम्पात. तिथून कंपनीची बस त्यांना रोज सकाळी आणून सोडायची. मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडचे. घरी मेंढरं. थोरला भाऊ मेंढरांमागे राहिला, यांनी गावातल्या सुताराकडे जाऊन रंधा धरला. दोह्यात आले तेव्हा दहा-बारा वर्षं टॉवरांच्या शटरिंगवर होते, मग शाळेची बाकं आणि दारं त्यांच्या वाट्याला आली. बोलणं कमी. हसायचे तेही आवाज न करता, नुसते खांदे हलायचे. सहा वर्षांत आमचं संभाषण म्हणजे "म्याडम, बिजागरी बदलली," आणि "शुक्रन, भाऊ," एवढंच.

फेब्रुवारीतल्या स्पोर्ट्स डेला इथे सगळ्या देशाला सुट्टी असते आणि सगळा देश घाम गाळतो. आमच्या शाळेतही पालक-मुलं येतात, रस्सीखेच होते, लिंबू-चमचा होतो. त्या वर्षी मला वाटलं, काहीतरी वेगळं करावं. मुलांना हर्डल्सची गोष्ट सांगावी, पण भिंतीवर तक्ते लावून नव्हे, धावून. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातली माणसं ही शर्यत कशी धावत असतील ते प्रत्यक्ष दाखवायचं. त्या काळी आजच्यासारखे हलके, धक्का लागला की पडणारे अडथळे नव्हते. शेतात मेंढ्या कोंडायला जी कुंपणं वापरत तीच गवतात ठोकायची आणि त्यांवरून उड्या मारायच्या. धडकलात तर कुंपण जागचं हलत नसे, तुम्हीच हलायचात.

आमचे मुख्य कोच जियाद, ट्युनिशियाचे, स्वतः जुने हर्डलर, ते ऐकूनच खूश झाले. "यल्ला, चला, अदीबा! पण कुंपण बनवणार कोण?"

मी मोबाइलवर एक जुनं चित्र घेतलं आणि वर्कशॉपमध्ये गेले. मच्छिंद्रभाऊ एका खुर्चीचा पाय बसवत होते. त्यांनी चित्र दोन बोटांनी मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं.

"आवं म्याडम, ही तर ताटी हाय!"

"ताटी?"

"मेंढरं कोंडायची ताटी. काटक्या विणून करत्यात. म्या लहानपणी शंभर तरी विणल्या असतील." मग ते चित्रातल्या धोतरासारख्या लांब चड्डीतल्या गोऱ्या माणसाकडे बघत राहिले. "ह्यो का उडी मारतोय? मेंढरू निसाटलं का काय?"

मी सांगितलं, मेंढरू नाही, शर्यत आहे. ही अशीच सुरू झाली. कुंपण साडेतीन फुटांचं, अशी दहा, आणि सगळी मिळून एकशे वीस यार्डांची धाव. पुढे मीटर आले तेव्हा एकशे वीस यार्डांचे एकशे दहा मीटर केले, पण पुरुषांच्या शर्यतीतली उंची अजूनही तीच आहे, साडेतीन फूट.

"म्हंजी आता ऑलिंपिकात पळत्यात ती ताटीच?"

"त्याच उंचीची."

त्यांचे खांदे हलायला लागले. एवढे हलले की त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "आन् आमचा बा मला म्हणायचा, ताटीवरनं उड्या मारू नगंस, असली थेरं करून कुणाचं भलं झालंय!"

विणायला काटक्या कुठून आणायच्या हा प्रश्न माळ्याने सोडवला. शाळेतल्या खजुरांची नुकतीच छाटणी झाली होती. मच्छिंद्रभाऊंनी झावळ्यांची पाती काढली, मधले दांडे भिजवले आणि चार दिवसांत सहा ताट्या विणल्या. आमच्या मैदानात सहाच मावत होत्या. दोन्ही बाजूंना खांब, मधे दांड्यांची घट्ट वीण, रुंदी एवढी की तिघं शेजारी शेजारी उडी मारू शकतील. मी हाताने ढकलून पाहिली. ताटी मागे वाकली आणि बाजेसारखी परत आली.

"पडणार नाही ना?" मी विचारलं.

"पडंल ती ताटी कसली?" ते दुखावलेच. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "पण लागायचं न्हाई कुणाला. थांबा, दावतो."

आणि ते पळाले. त्रेपन्न वर्षांचा माणूस, सेफ्टी शूज, राखाडी कव्हरऑल. ताटीपाशी आल्यावर त्यांनी दोन्ही गुडघे पोटाशी घेतले आणि सरळ वर गेले, दोरीच्या उड्या मारणाऱ्या मुलीसारखे, आणि पलीकडे दोन्ही पायांवर धप्पकन उतरले. क्षणभर उभे राहिले. पुन्हा पळाले. पुन्हा वर, पुन्हा धप्प. सहाच्या सहा.

मला हसू आवरेना, आणि अंगावर काटाही आला. पहिल्या काळातले धावपटू असेच उडी मारत, गुडघे दुमडून, दोन्ही पायांवर उतरून, असं मी पुस्तकात वाचलं होतं. एक पाय सरळ पुढे टाकून, वेग न मोडता अडथळा ओलांडायची पद्धत नंतर कुणीतरी शोधली. मी ती शिकले, जियाद शिकले, जगातला प्रत्येक हर्डलर तीच शिकतो. ही जुनी उडी कुणाच्याच पायांत उरलेली नाही असं मी धरून चालले होते.

"भाऊ, तुम्ही धावायचं. मंगळवारी. शर्यतीत."

ते धापा टाकत होते आणि तोंडभर हसत होते, पण हे ऐकताच हसू थांबलं. "न्हाई म्याडम. आमी त्या दिवशी दोरीच्या भायेर असतो. पाण्याच्या बाटल्या, खुर्च्या, ते बघायचं. सुपरवायझर काय म्हणंल?"

"मी बोलते त्यांच्याशी."

"नगं," ते म्हणाले आणि टेप उचलून निघून गेले.

मी सुपरवायझरशी बोलले. तो म्हणाला, त्याची इच्छा असेल तर धावू दे, माझी हरकत नाही. मी निरोप दिला. मच्छिंद्रभाऊंनी मान हलवली. हो की नाही ते त्या मानेवरून कळेना.

मंगळवारी मैदान भरलं. आई-वडील, मुलं, थर्मास, टोप्या. मी माइकवर गोष्ट सांगितली, मेंढ्यांची, कुंपणांची, लांब चड्ड्यांची. जियाद तयार होते, गुडघ्यापर्यंत पांढरी चड्डी आणि डोक्यावर चपटी टोपी घालून. फिजिक्सचे हर्षल सर, नाशिकचे, लग्नातला कोट घालून आले होते. तिसरी जागा रिकामी होती. मी दोरीकडे बघितलं. दोरीच्या बाहेर कव्हरऑलमधली चार-पाच माणसं उभी होती, आणि कंपनीच्या बसचे ड्रायव्हर इरशादभाई, म्हसळ्याचे, मोबाइल उंच धरून कुणाशी तरी बोलत होते.

"मॅडम!" इरशादभाई ओरडले. "वहिनी लाइनवर आहेत! विचारतात, सुरू कधी होतंय?"

म्हणजे घरी सांगून झालं होतं! व्हिडिओ कॉलवर हौसाबाई होत्या, मच्छिंद्रभाऊंच्या बायको, डोक्यावर पदर, मागे दोन शेळ्या. मोबाइलातून आवाज आला, "आवं, उभं काय ऱ्हायलाय? जावा की! समदा वाडा जमलाय हितं!"

मच्छिंद्रभाऊंनी दोरीकडे पाहिलं. दोरी कमरेइतकी उंच होती. बाकीची माणसं अशा वेळी खालून वाकून येतात. यांनी जागच्या जागी गुडघे वर घेतले आणि दोरीवरून आत आले. पालकांच्या रांगेतून जी टाळी उठली ती मी आजवर लिंबू-चमच्याला ऐकलेली नाही.

नियम एकच होता. ताटी ओलांडायची ती वरूनच. अडकलात तर मागे जाऊन पुन्हा उडी. मी शिट्टी वाजवली.

जियाद सुसाट सुटले. पहिली ताटी त्यांनी अशी ओलांडली की शाळेतल्या सगळ्या मुली ओरडल्या. दुसरीही. पण गवतात पाय थोडा अलीकडे पडला, आणि तिसऱ्या ताटीवर त्यांची मांडी आपटली. आजचा अडथळा असता तर पडला असता आणि जियाद पुढे गेले असते. ताटी वाकली, क्षणभर थांबली आणि तिने ट्युनिशियाच्या माजी हर्डलरला झेलून, अलगद, जिथून आला तिथे परत पाठवलं. ते गवतावर बसले आणि टोपी शोधू लागले. हर्षल सर पहिल्याच ताटीवर घोड्यावर बसल्यासारखे बसले होते. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, आणि ते मुलांना ओरडून सांगत होते की गुरुत्वमध्याचा अंदाज चुकला.

आणि या सगळ्यातून मच्छिंद्रभाऊ येत होते. वर, धप्प. पळ. वर, धप्प. ना घाई, ना थांबणं. शेजारून इरशादभाई मोबाइल धरून पळत होते, त्यामुळे हौसाबाईंना फक्त आभाळ आणि बूट दिसत होते आणि त्या विचारत होत्या, "कोण म्होरं हाय? आवं, कुणीतरी सांगा, कोण म्होरं हाय?" पाचशे माणसांनी एकदम सांगितलं.

सहावी ताटी झाली, फीत तुटली, पण ते थांबले नाहीत. समोर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं होतं, त्यावरून गेले. मुलांच्या दप्तरांची रास होती, तिच्यावरून गेले. मग लाकडी बाक, जे त्यांनीच बनवलं होतं. मी बघते तर तिसरी-चौथीची सगळी पोरं त्यांच्या मागे रांगेने उड्या मारत येत होती, आणि माझी मरियम सगळ्यांत पुढे, "मम्मा, लुक ॲट मी!" करत. मी हसता हसता खाली बसले. शिट्टी कुठे गेली ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंना बसच्या पायऱ्या चढवेनात. इरशादभाईंनी हात देऊन वर घेतलं, आणि बसमध्ये टाळ्या पडल्या.

मला मात्र चैन पडेना. एप्रिलमध्ये इथल्या एका हौशी क्लबची पन्नाशीपुढच्यांची स्पर्धा होती. मी भाऊंचं नाव घातलं. जियादनी स्वतःचे स्पाइक्सचे बूट दिले. दोन शुक्रवार मी आधुनिक पद्धत शिकवायचा प्रयत्न केला. पायांनी ऐकलं नाही. स्पर्धेत पन्नाशीपुढच्यांसाठी उंची कमी असते, त्यामुळे भाऊ अडथळ्याच्या वर हातभर अंतर ठेवून जात होते आणि पंच एकमेकांना खुणा करत होते. चौथ्या अडथळ्याला टाच लागली. अडथळा पडला. भाऊ दहा पावलं पुढे गेले, थबकले, मागे वळले, अडथळा उभा केला, हलवून तो नीट बसला का ते पाहिलं, आणि मग पुढे पळाले.

शेवटचे आले. बाकीचे टॉवेल गुंडाळून पाणी पीत होते. एक म्हातारे इजिप्शियन पंच डोळे पुसत त्यांच्याकडे आले आणि इंग्रजीत विचारलं की मागे का गेलात. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "सांगा त्यास्नी, उघडी ताटी ठिवून माणूस म्होरं जात न्हाई." मी भाषांतर केलं. पंचांनी भाऊंचे दोन्ही हात धरले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.

आता दर शुक्रवारी सकाळी मी मरियमला घेऊन अल खोरला जाते. कॅम्पजवळच्या मोकळ्या जागेत भाऊंनी चार ताट्या रोवल्या आहेत. इरशादभाई येतात, कॅम्पातले सात-आठजण येतात. एक वेल्डर चांगलाच उडतो. मी शिकवते, एक पाय सरळ, दुसरा बाजूने, मधे तीनच पावलं. बाकीच्यांना जमतंय. भाऊंचे गुडघे मात्र पोटाशीच जायचे.

मागच्या शुक्रवारी ते पळत आले, आणि काय झालं कळलं नाही, उजवा पाय तलवारीसारखा पुढे निघाला, डावा मागून वळून आला, आणि ते न थांबता पलीकडे पोचले सुद्धा. भाऊ आठ-दहा पावलांवर जाऊन उभे राहिले, खाली वाकून उजव्या मांडीला हात लावून पाहिला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"म्याडम," ते म्हणाले, "ह्यो पाय कुणाचा म्हणायचा?"