बिनटरफलाची बी

बारावीला ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नात मला पूर्ण गुण मिळाले होते. कागदाच्या मधोमध पट्टीने रेघ, डावीकडे प्रोकॅरियोटिक पेशी, उजवीकडे युकॅरियोटिक. डावीकडे केंद्रकाला आवरण नाही, उजवीकडे आहे. डावीकडची लहान, उजवीकडची मोठी. मराठी शाळेत आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी असं घोकलेलं, अकरावीत तेच इंग्रजीतून पुन्हा घोकलं. आमच्या ज्युनियर कॉलेजातला मायक्रोस्कोप काचेच्या कपाटात असायचा. भिंतीवरच्या तक्त्यावरून आकृती काढली की प्रात्यक्षिक संपलं. लहान म्हणजे किती लहान, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचा मळा गंगापूर धरणाच्या अलीकडे, नदीच्या काठाला; नदीला आम्ही गंगाच म्हणतो. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर आणि दसऱ्यासाठी थोडा झेंडू. आई रोज सकाळी टेम्पोने भाजी घेऊन गंगापूर रोडच्या एका कोपऱ्यावर बसायची आणि मी त्याच टेम्पोतून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जायची.

पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी प्रत्येकीच्या हातात दात कोरायची काडी दिली. “गालाच्या आतून हलक्या हाताने फिरवा, काचेवर पसरा, निळा रंग घाला आणि बघा. पुस्तक उघडायचं नाही.”

मी डोळा लावला. आधी नुसता निळसर उजेड दिसला, मग एक चपटी, कडेला दुमडलेली, पापडासारखी आकृती सरकत आली. तिच्या मधोमध गडद ठिपका होता. केंद्रक! आकृतीत लाल रंगाने भरायचो ते. माझ्या गालातून निघालेलं. मी श्वास रोखून बघत होते आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की त्या पापडावर बारीक निळे कण पडले आहेत. शे-दोनशे तरी असतील.

मी हात वर केला. “मॅडम, माझी स्लाइड खराब झाली. धूळ बसली वाटतं.”

मॅडम आल्या, बघितलं आणि तेलाचा थेंब टाकून सगळ्यात मोठी लेन्स फिरवली. “आता बघ.”

ते कण गोल होते. काही जोडीने, काही माळेत ओवल्यासारखे. सगळे एकसारखे रेखीव.

“धूळ इतकी नीटनेटकी असते का?” मॅडम म्हणाल्या. “हे जिवाणू आहेत. तुझ्या तोंडात राहतात, तुझ्या पेशीवर बसून आलेत. पेशी युकॅरियोटिक, बसलेले प्रोकॅरियोटिक. आता कर फरक स्पष्ट.”

पाठ केलेल्या कोष्टकाच्या दोन्ही बाजू एकाच उजेडात समोर होत्या, आणि उजवीकडच्या एका पेशीच्या अंगावर डावीकडचे कितीतरी बिनघोर बसले होते. त्या दिवशी टेम्पोतून घरी येईपर्यंत माझी जीभ गालाच्या आतून फिरत राहिली.

घरी सांगितलं तेव्हा वडील हसले. “मंग चूळ भरीत जा चांगली.” आई मात्र हसली नाही. “आन् ते आपल्याला काय करीत नाय?” तिने विचारलं. बहुतेक काही करत नाहीत, असं मी म्हटलं.

त्याच वर्षी भाद्रपदात आमच्या टोमॅटोला मर लागली. तारा बांधून, सुतळीने उभी केलेली, फळं धरलेली झाडं. सकाळी ताठ असायची आणि दुपारी माना टाकायची. पानं पिवळी पडत नव्हती, हिरवीच्या हिरवी लोंबायची. दोन दिवसांत झाड खलास. आधी एका सरीत चार गेली, मग त्याच सरीत खाली नऊ. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, बुरशी आहे. वडिलांनी बुरशीनाशकाची आळवणी केली, झाडाच्या बुडाशी तांब्या-तांब्याने ओतलं. मर पुढच्या सरीत गेली. त्यांनी औषध बदलून पुन्हा ओतलं. झाडं जातच राहिली.

“तुझ्या मॅडमच्या यंत्रात हे दिसंल का गं?” आईने विचारलं.

“आई, ते कॉलेज आहे. असल्या गोष्टी आमच्या अभ्यासक्रमात नसतात.”

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही प्रॅक्टिकलला असताना प्रयोगशाळेच्या दारात ती उभी दिसली. भाजीची टोपली शेजारणीवर सोपवून आली होती. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, मुळासकट उपटलेलं टोमॅटोचं झाड.

“मॅडम, मी हिची आई,” ती म्हणाली. “हे झाड कशानं मेलं तेवढं बघता का?”

सगळ्या मुली वळून बघत होत्या. माझे कान तापले. मॅडमनी हातातला खडू ठेवला, झाड घेतलं आणि मुळं हुंगली. “या मावशी, आत या. ग्लास आणा हो एक, स्वच्छ,” त्या प्रयोगशाळेतल्या काकांना म्हणाल्या. मग त्यांनी ब्लेडने बुडाजवळचा बोटभर तुकडा कापला, चिमट्यात धरून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात त्याचं तोंड बुडवलं आणि म्हणाल्या, “कुणी हलू नका.”

मिनिटभर काहीच झालं नाही. मग कापलेल्या तोंडातून एक पांढरा धागा निघाला. धुरासारखा बारीक, पण वर जायच्या ऐवजी सरळ खाली उतरणारा. त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. पाण्यात ते जराही विस्कटत नव्हते. तळाशी पोचले की तिथे दुधाळ थर साचत होता.

“ह्ये काय निघतंय?” आई कुजबुजली.

“जिवाणू,” मॅडम म्हणाल्या. “झाडाच्या पाणी वाहायच्या नळ्यांत हे गच्च भरलेत. झाडाला पाणी मिळत नाही, म्हणून ते हिरवं असतानाच मान टाकतं. बुरशी असती तर हा धागा निघाला नसता.”

मग त्यांनी दोन मायक्रोस्कोप शेजारी शेजारी लावले. एकात झाडातून निघालेल्या त्या दुधाचा रंगवलेला थेंब. दुसऱ्यात त्याच टोमॅटोच्या पानाची सोललेली पातळ साल. आईला स्टुलावर बसवलं. तिला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. काकांनी सांगितलं, डोळा जरा लांब धरा. मग ती स्थिर झाली.

“गुलाबी गुलाबी, तांदळाच्या कणीवानी,” ती म्हणाली. “लय हाय. मोजता येनार नाय. हे जित्ते हाय का?”

“रंग देताना मेले. ग्लासातले मात्र जिवंत आहेत.”

ती दुसऱ्या मायक्रोस्कोपकडे सरकली. पुन्हा पहिल्याकडे आली. तीनदा असं झालं. मॅडम एखाद्या विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा घ्यावी तशा म्हणाल्या, “मावशी, दोन्हीत काय फरक आहे?”

“झाडाच्यात खोल्या हाय. परत्येक खोलीत एकेक बी हाय. ह्या कणीत बी नाय.”

माझ्या बाजूची मुलगी पुटपुटली, “केंद्रक.” मॅडमनी तिच्याकडे बघितलंही नाही.

“बी त्यांच्यातही आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण तिला टरफल नाही. ती आत तशीच उघडी पसरलेली असते, म्हणून या यंत्रात वेगळी दिसत नाही. झाडाच्या पेशीतली बी टरफलात बंद आहे. तुमच्या-माझ्या पेशीतही तशीच, आणि बुरशीच्याही. म्हणजे बुरशी झाडाच्या आणि आपल्या बाजूची. तिला मारायचं औषध या बिनटरफलाच्यांना लागू पडत नाही.”

“म्हंजी आमी उगीच वतलं.” आईने मायक्रोस्कोपवर हात टेकवला. “मॅडम, दोघांत आधी कोन आलं?”

“हे आले,” मॅडमनी पहिल्या मायक्रोस्कोपवर बोट ठेवलं. “फार फार आधी. झाड नव्हतं, मासा नव्हता, माणूस नव्हता, तेव्हा किती तरी काळ या पृथ्वीवर फक्त हेच होते.”

आईने मायक्रोस्कोपवरचा हात काढला आणि खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला. गावातली वडीलधारी माणसं समोर आली की ती घ्यायची, तसा. तिचं तिला कळलंही नसावं. माझे कान तापायचे केव्हाच थांबले होते.

जाताना तिने विचारलं, “मंग करायचं काय?” मॅडमनी सांगितलं ते साधं होतं. रोगट झाडं मुळासकट काढून जाळायची. त्या सरीचं पाणी पुढच्या सरीत जाऊ द्यायचं नाही. काही वर्षं त्या तुकड्यात टोमॅटो, वांगी, मिरची लावायची नाही, मका लावायचा.

वडिलांना हे पटेना. फळं लागलेली झाडं कोण जाळतं? “येका ग्लासावरनं?” ते म्हणाले. म्हणून मी तोच प्रयोग बांधावर केला. दोन ग्लास, एकात माना टाकलेल्या झाडाचा तुकडा, दुसऱ्यात चांगल्या झाडाचा. वडील उकिडवे बसले. दुसऱ्या ग्लासातलं पाणी नितळ राहिलं. पहिल्यात पांढरे धागे उतरायला लागले. ते शेवटचा धागा तळाला पोचेपर्यंत बघत राहिले. मग त्यांची नजर रोगट सरीवरून खाली खाली, पाण्याच्या वाटेने गेली.

“पानीच नेतंय त्याला,” ते म्हणाले. “म्हंजी मीच नेतोय.”

ते उठले आणि फावड्याने त्या सरीचं तोंड बंद करून टाकलं. दोन दिवस आई-वडील झाडं उपटून जाळत होते. खालच्या अंगाच्या सऱ्यांत आणखी थोडी झाडं गेली आणि मग मर थांबली. वरचा अर्ध्याहून जास्त प्लॉट वाचला आणि दिवाळीपर्यंत तोडा चालला. मोकळ्या तुकड्यात मका उभा राहिला.

पुढे आसपासच्या मळ्यांतल्या बायका मेलेली झाडं घेऊन आईकडे यायला लागल्या. ती ओट्यावर ग्लास ठेवायची. धागा आला तर म्हणायची, “बिनटरफलाचा हाय, औषध मारू नका.” नाही आला तर दुकानात पाठवायची.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा वर्गात एक गोष्ट शिकले आणि ती आईला सांगायला मला घरी पोचेपर्यंतही धीर धरवेना. मी थेट तिच्या कोपऱ्यावर गेले. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले आणि सांगितलं, की आपल्या प्रत्येक पेशीत अगदी छोट्या शेगड्या असतात. अन्नातून ताकद तिथे तयार होते. त्या शेगड्या म्हणजे एके काळचे जिवाणू. कधीतरी एका मोठ्या पेशीच्या आत ते गेले, मेले नाहीत, पचले नाहीत, तिथेच राहिले. अजून त्यांची स्वतःची बी त्यांच्याजवळ आहे, उघडी.

आईचे हात थांबले. “माझ्यात?”

“तुझ्यात, माझ्यात, या मेथीतसुद्धा.”

तिने आपला पंजा वर करून उजेडात धरला, मागूनपुढून पाहिला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, जुडी केवढ्याला म्हणून विचारत होतं. तिचं लक्षच नव्हतं.

“परत सांग,” ती म्हणाली. “हळू सांग.”

मी पहिल्यापासून सांगायला लागले.