साडूंच्या राज्यातले जादूगार

आमच्या साडूंपुढे जादूगार होणं हे चाकणच्या चांगल्या कंपनीत पर्मनंट होण्यापेक्षा अवघड आहे. रविवारी दुपारी त्यांच्या चऱ्होलीच्या फ्लॅटवर आम्ही चार-पाच जण फाशांचा एक खेळ खेळतो. प्रत्येकाने काल्पनिक राज्यातलं एक पात्र व्हायचं, साडूंनी गोष्ट पुढे न्यायची आणि कुणाचा डाव साधला की फसला ते फाशांनी ठरवायचं. कुणी जादूगार व्हायचं म्हटलं, की साडू स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी सुरू करतात. गाव कुठलं, वडील काय करायचे, राग कशाचा येतो, भीती कशाची वाटते. "लग्नाआधी मला एवढं विचारलं नव्हतं यांनी," असं आमची मेव्हणी चहा ठेवता ठेवता म्हणते. माझ्या जादूगाराने हातातून आग काढली, तर म्हणाले, "सुखवस्तू घरातला हा, जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. याच्या हातात आग येणार कुठून? फार तर पाणी कोमट होईल." तेव्हापासून मी कोमट पाण्याच्या जोरावर राक्षसांशी लढतो आहे.

आमच्यात दत्ताही खेळायचा. तो लातूरकडचा, साडूंच्याच कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर. त्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा शिफ्टचे सुपरवायझर साडूच होते. त्यानंतर साडूंनी त्याचा विषय काढला नाही आणि दत्ताही आला नाही.

एका रविवारी तो अचानक दारात उभा राहिला. "खेळायला आलोय. नवीन पात्र करायचंय. जादूगार."

आमच्या खेळात मंत्र बोटांच्या मुद्रांनी टाकतात. त्याच्या हाताकडे कुणीच बघेना. आज तरी साडू चौकशी टाळतील असं मला वाटलं. पण त्यांनी घसा साफ करून विचारलंच, "त्याला भीती कशाची वाटते?"

"मशीनच्या आवाजाची."

"आणि जादू काय येते?"

"त्याला हात लागत न्हाईत. त्यानं 'थांब' म्हटलं, की कितीबी आवाज असू द्या, ज्याला जायचं त्याला ऐकू जातंच." दत्ता साडूंकडे वळला. "त्या दिवशी तुमी वरडला होतात, सायेब. शिफ्टच्या पोरांनी परवा सांगितलं. मला ऐकूच आलं न्हाई बगा."

साडूंनी पहिल्यांदाच त्याच्या हाताकडे बघितलं. मग हलकेच म्हणाले, "मंजूर." पुढे राक्षसाने माझी मानगूट धरली, दत्ता "थांब" म्हणाला, आणि बायकोलाही फासे टाकायला लावणाऱ्या साडूंनी फासे न मागता राक्षसाला थांबवलं.

दत्ता आता गावी असतो, दुकान चालवतो. साडूंच्या चौकशा चालूच आहेत. फक्त उत्तर ऐकल्यावर ते हल्ली लगेच निकाल देत नाहीत, आणि आम्हीही त्यांना घाई करत नाही.